बेबिंकेचा प्रत्येक थर वेगळा मोजतात: विजेच्या वस्तूंतल्या शिशाचा कायदा

गोव्यात वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एखादं छोटं युनिट कंट्रोलर, एलईडी ड्रायव्हर नाहीतर वायर हार्नेस बनवत असतं. एके दिवशी परदेशी ग्राहकाचा मेल येतो: तुमच्या मालाचं आरओएचएस डिक्लरेशन, म्हणजे विजेच्या वस्तूंतल्या घातक पदार्थांच्या कायद्यात माल बसतो असं लेखी हमीपत्र, पाठवा. मालक तो मेल जसाच्या तसा सप्लायरांकडे ढकलतो. दुसऱ्या दिवशी लेटरहेडवर दोन ओळी टाइप होऊन येतात, ‘आमचा माल आरओएचएसप्रमाणे आहे’, खाली सही, शिक्का. कागद फाइलला लागतो. अडचण येते ती पुढे कधीतरी, ग्राहक एक नग उघडून स्क्रूपासून वायरपर्यंत सगळं लॅबला देतो तेव्हा.

इकडे चवथ जवळ आली की म्हापशाच्या बाजारात रोषणाईच्या माळांचे ढीग लागतात. काही खोक्यांवर हिरवं पान आणि बरोबरची खूण असलेला आरओएचएसचा शिक्का छापलेला दिसतो. कायद्याने ठरवून दिलेला असा कोणताही शिक्का नाही. युरोपात या कायद्याची पूर्तता सीई खुणेत धरली जाते. भारतात ती वस्तूबरोबरच्या माहितीपुस्तिकेत लिहून द्यावी लागते. हिरवं पान ज्याने त्याने आपल्या हौसेने काढलेलं असतं.

## यादी दहा नावांची

आरओएचएस, बोलताना ‘रोहस’, म्हणजे विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये ठरावीक घातक पदार्थ वापरण्यावरची मर्यादा. युरोपीय संघाने हा कायदा २००३ मध्ये केला आणि १ जुलै २००६ पासून तो लागू झाला. तेव्हा यादीत सहा नावं होती: शिसे, पारा, कॅडमियम, सहासंयुजी क्रोमियम आणि प्लास्टिक चटकन पेटू नये म्हणून त्यात घातली जाणारी ब्रोमीनची दोन कुटुंबं, पीबीबी व पीबीडीई.

२०११ मध्ये जुन्या कायद्याच्या जागी नवा आला. २०१५ च्या दुरुस्तीने यादीत चार थॅलेट घातले: डीईएचपी, बीबीपी, डीबीपी, डीआयबीपी. बहुतेक वस्तूंना ते २२ जुलै २०१९ पासून लागू आहेत. वैद्यकीय उपकरणं आणि मोजमाप-नियंत्रणाची उपकरणं यांना २२ जुलै २०२१ पासून. थॅलेट म्हणजे पीव्हीसी मऊ करणारं तेलकट द्रव्य. असं काही मिसळलं नाही तर वायरचं आवरण पाण्याच्या पाइपाइतकं ताठ राहील.

क्रोमियमबद्दल एक गैरसमज आधीच काढून टाकू. स्टेनलेसच्या ताटातही क्रोमियम असतं, पण ते धातूच्या रूपात, आणि त्याला मनाई नाही. मनाई आहे ती सहासंयुजी क्रोमियमला, प्लेटिंगवाले ‘हेक्स क्रोम’ म्हणतात त्या विषारी, कर्करोगकारक रूपाला.

मर्यादा वजनावर आहे. प्रत्येक पदार्थाला ०.१ टक्का, म्हणजे किलोमागे एक ग्रॅम. यालाच १००० पीपीएम म्हणतात. फक्त कॅडमियमला दसपट कडक, ०.०१ टक्का.

## ०.१ टक्का, पण कशाच्या वजनाचा?

सगळी गोम इथे आहे. पूर्ण यंत्राच्या वजनाचा? नाही. सर्किट बोर्डाच्या? तेही नाही. मर्यादा ‘एकजिनसी पदार्था’च्या वजनावर आहे. एकजिनसी म्हणजे ज्याची घडण सगळीकडे सारखी आहे, किंवा जो स्क्रू काढून, कापून, ठेचून, दळून, घासून आणखी वेगळा करता येत नाही असा पदार्थ.

सात थरांची बेबिंका डोळ्यांसमोर आणा. एका थरात साखरेऐवजी चुकून मीठ पडलं. अख्खी बेबिंका मिक्सरमधून काढून चमचाभर चाखली तर कदाचित कळणारही नाही. हा कायदा मात्र सुरीने एकेक थर उचलतो आणि तेवढाच तोंडात घालतो. खारट थर सापडला की बाकीचे सहा कितीही गोड असोत, बेबिंका नापास.

आकड्यांत पाहू. २०० ग्रॅमच्या बोर्डावर जुन्या पद्धतीच्या ६३/३७ सोल्डरचा २० मिलिग्रॅमचा एकच ठिपका आहे. त्यात ३७ टक्के शिसे, म्हणजे ७.४ मिलिग्रॅम. पूर्ण बोर्डावर वाटलं तर ३७ पीपीएम भरतं. मर्यादा १००० आहे, मग अडचण कसली? पण सोल्डर हा स्वतंत्र थर आहे आणि त्यात शिसे ३,७०,००० पीपीएम आहे, मर्यादेच्या ३७० पट. एका ठिपक्याने बोर्ड गेला.

वायरचंही तसंच. तांबं एक पदार्थ, त्यावरची कथलाची कल्हई दुसरा, आतलं आवरण तिसरा, बाहेरचं चौथा, त्यावर छापलेली अक्षरं पाचवा. ‘वायरचा रिपोर्ट’ म्हणून एकच आकडा दिलेला कागद आला तर लॅबने बेबिंका मिक्सरमध्ये घातली असं समजावं.

## एक डबा उघडून पाहू

टाकीतलं पाणी भरलं की पंप बंद करणारा लेव्हल कंट्रोलर घ्या. काळा प्लास्टिकचा डबा, चार स्क्रू, आत एक बोर्ड, रिले, पितळेचा टर्मिनल ब्लॉक, लाल-पिवळ्या वायरी, खाली रबराचे पाय.

स्क्रूंपासून सुरुवात करू, कारण गोव्यात सर्वांत जास्त घोळ तिथे होतो. सोनेरी-पिवळ्या, उजेडात इंद्रधनुष्यी झाक मारणाऱ्या जिंक प्लेटिंगला ‘यलो पॅसिव्हेशन’ म्हणतात. जस्तावर चढवलेला तो पातळ थर पारंपरिक पद्धतीत हेक्स क्रोमचा असतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत तो गंज चांगला थोपवतो आणि बारीक ओरखडा आपला आपण भरून काढतो, म्हणून जुने फिटर यलोच मागतात. त्यांचं काही चुकत नाही. पण रोहसच्या मालात तो चालत नाही. पर्याय दोन: त्रिसंयुजी (ट्रायव्हॅलंट) क्रोमियमचं पॅसिव्हेशन आणि त्यावर सीलर, नाहीतर सरळ स्टेनलेस स्क्रू. ऑर्डरवर ‘जिंक प्लेटेड’ एवढंच लिहिलं तर प्लेटर त्या दिवशी टाकीत जे असेल ते लावतो. ‘ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशन, सीलरसह’ असं लिहावं, मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीत पांढरा गंज दिसेपर्यंत किती तास जायला हवेत तो आकडाही टाकावा. नुसत्या रंगावर जाऊ नये. ट्रायव्हॅलंटमध्येही रंग घालून पिवळा स्क्रू मिळतो, तेव्हा पिवळा म्हणजे नापास आणि पांढरा म्हणजे पास असं गणित नाही.

पितळेचा टर्मिनल ब्लॉक. लेथवर सहज कापलं जावं म्हणून पितळेत दोन-तीन टक्के शिसे असतं, म्हणजे २०-३० हजार पीपीएम. पहिल्यांदा हा आकडा पाहणारा दचकतो. पण तांब्याच्या मिश्रधातूंत ४ टक्क्यांपर्यंत शिशाला सूट आहे, पोलादात ०.३५ आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये ०.४ टक्क्यांपर्यंत, प्रत्येकीला आपापल्या अटी आहेत. मात्र सूट घेतली की डिक्लरेशनमध्ये तिचा क्रमांक लिहावा लागतो. ‘शिसे नाही’ असं लिहून पितळेचा भाग पाठवणं म्हणजे नसलेला दोष स्वतःहून ओढवून घेणं.

बोर्डावरच्या चिप रेझिस्टरच्या काचेतही शिसे असतं, त्यालाही सूट आहे. रिलेच्या कॉन्टॅक्टमध्ये चांदीबरोबर कॅडमियम ऑक्साइड असू शकतं. आता कथिल ऑक्साइडचे कॉन्टॅक्ट सर्रास मिळतात, तेच घ्यावेत. अशा सवलती कायमच्या नसतात. त्यांना मुदत असते, उद्योगाने वेळेत अर्ज केला आणि पर्याय नाही हे पटलं तरच ती वाढते. ट्यूबलाइटमधल्या पाऱ्याची सूट युरोपात अशीच २०२३ मध्ये संपली आणि नव्या नळ्या बाजारात आणणं थांबलं.

वायरींच्या पीव्हीसीत दोन धोके एकत्र असतात. स्वस्त पीव्हीसीला उष्णता सोसावी म्हणून शिशाचे क्षार घालतात आणि मऊपणासाठी डीईएचपी. पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांत शिशाची किंवा कॅडमियमची रंगद्रव्यं येऊ शकतात. म्हणून लाल वायरचा रिपोर्ट काळ्या वायरला चालवून घेऊ नये. प्रत्येक रंग वेगळा पदार्थ.

काळा डबा? ‘काळं’ हीच खूण. भंगारातल्या टीव्ही-मॉनिटरांच्या खोक्यांचं प्लास्टिक दळून पुन्हा वापरतात तेव्हा ते काळंच करावं लागतं, आणि त्या जुन्या खोक्यांमध्ये पीबीडीई असू शकतं. दाणा नवा आहे की दळलेला, हे मोल्डिंगवाल्याला लेखी विचारावं.

रबराच्या पायांचं दुखणं वेगळंच. पाय स्वच्छ असले तरी थॅलेट शेजारून येतात. डीईएचपी असलेल्या मऊ पीव्हीसीच्या मॅटवर किंवा पिशवीत ते महिनोन्‌महिने पडले तर लोणच्याच्या फोडीत तेल मुरावं तसे थॅलेट रबरात मुरतात. कारखान्यातल्या मॅट, ट्रे, हातमोजे हे मालाचा भाग नसले तरी म्हणून तपासावे लागतात.

## भारतात लागू आहे का?

आहे, आणि आज नव्हे. ई-कचऱ्याच्या २०११ च्या नियमांतलं या पदार्थांवरचं प्रकरण १ मे २०१४ पासून लागू झालं. मग २०१६ चे नियम आले, आणि सध्या चालू आहेत ते २०२२ चे, १ एप्रिल २०२३ पासून अमलात असलेले. त्यांच्या पहिल्या अनुसूचीत १०६ प्रकारच्या वस्तू आहेत. आपली वस्तू त्यात बसते का, हे सगळ्यात आधी पाहावं. अंमलबजावणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, इथला पत्ता म्हणाल तर साळगावचं गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ. माल अटींत बसला नाही तर दुरुस्तीचे उपाय करून तो बाजारातून परत घ्यायची जबाबदारी उत्पादकाची. आणि ‘उत्पादक’ या शब्दात स्वतःच्या ब्रँडने विकणारा आला, दुसऱ्याकडून जोडून घेऊन आपलं नाव लावणारा आला, आयात करून विकणाराही आला. बाहेरून माळांचा कंटेनर मागवणारा व्यापारी या अर्थाने उत्पादकच.

फरक एवढाच की भारताच्या यादीत पहिले सहाच पदार्थ आहेत, थॅलेट नाहीत. इथे पास झालेला माल युरोपात पीव्हीसीवर आपटतो तो यामुळे. सप्लायरच्या डिक्लरेशनमध्ये २०१५/८६३ हा दुरुस्तीचा क्रमांक आहे का, एवढं पाहिलं तरी कागद जुना की नवा ते कळतं.

## ‘आमचा सप्लायर चांगला आहे, लिहून देतो’

चांगला असेलही. प्रश्न त्याच्या प्रामाणिकपणाचा नसून त्याला काय माहीत आहे याचा आहे. व्यापारी दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घेतो, तो तिसऱ्याकडून. शेवटी दाणा कोणी बनवला हे कोणालाच ठाऊक नसतं, सही मात्र खाली असते.

युरोपसाठी तांत्रिक फाइल कशी ठेवायची याचं मानक आहे, आयईसी ६३०००. त्याचा गाभा व्यवहारी आहे: सगळं सगळीकडे तपासू नका, धोका बघून तपासा. दोन प्रश्न विचारायचे. या पदार्थात मनाईतलं काही असण्याची शक्यता किती? आणि या सप्लायरवर भरवसा किती? नावाजलेल्या कंपनीचा आयसी, तिच्या वेबसाइटवर पार्ट नंबरनिशी पूर्ण घटक-पत्रक: डिक्लरेशन पुरे. अनोळखी दुकानातून सुटी घेतलेली लाल पीव्हीसी वायर: लॅब रिपोर्ट हवाच. मधल्यांचं तारतम्याने.

डिक्लरेशनवर हे हवं: तुमचा किंवा त्यांचा पार्ट नंबर, कायद्याचा क्रमांक, दहाही पदार्थांची नावं, घेतलेल्या सवलतींचे क्रमांक, तारीख, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा. रिपोर्ट आला की पहिल्या पानावरचं ‘पास’ वाचून मिटू नका, शेवटच्या पानावरचा फोटो पाहा. कुठला तुकडा कापून तपासला ते तिथे दिसतं. कनेक्टरच्या रिपोर्टात फक्त प्लास्टिकचा फोटो असेल तर पिना आणि त्यांची प्लेटिंग तपासलेली नाही. लॅबला आयएसओ १७०२५ ची मान्यता हवी. भारतात ती एनएबीएल देतं. ही फाइल वस्तू बाजारात गेल्यापासून दहा वर्षं ठेवायची असते.

इतकं करूनही माल नापास होतो तो बहुधा खरेदीत. ठरलेली वायर संपली, ऑर्डर अडकली, कोणीतरी मडगावला जाऊन ‘सेम टू सेम’ वायर घेऊन आलं. गेज तेच, रंग तोच, पीव्हीसी भलतंच. यावर उपाय साधा आणि नकोसा आहे: मंजूर यादीबाहेरचा एकही भाग इनवर्डला, म्हणजे माल आत घेताना, स्वीकारायचा नाही, आणि बदल करायचाच तर आधी कागद, मग माल.

## ‘गन लावली की कळतं ना?’

सोनाराकडे दागिना ठेवून टंच सांगणारं यंत्र बहुतेकांनी पाहिलेलं असतं. तेच तंत्र, एक्सआरएफ, पिस्तुलाच्या आकारात मिळतं. वस्तूवर टेकवलं की मिनिटा-दोन मिनिटांत शिसे, पारा, कॅडमियम, क्रोमियम, ब्रोमीन यांचे आकडे देतं. इनवर्ड तपासणीला ते फार उपयोगी आहे. पण त्याच्या मर्यादा सोनाराच्याच. मुलामा दिलेली बांगडी ठेवली की वरचं आणि आतलं मिसळून आकडा येतो. प्लेटिंग केलेल्या पिनेचंही तेच होतं.

दुसरं, ते मूलद्रव्य ओळखतं, त्याचं रूप नाही. क्रोमियम दिसेल, हेक्स की ट्रायव्हॅलंट ते नाही. ब्रोमीन दिसेल, पीबीडीई आहे की दुसरं काही ते नाही. सर्किट बोर्डाच्या हिरव्या पाटीवर गन लावली की ब्रोमीन धो-धो दिसतं, कारण तिच्यात टीबीबीपीए नावाचं ज्वालारोधक असतं, आणि ते यादीत नाही. हे माहीत नसलेला माणूस चांगले बोर्ड परत पाठवतो. थॅलेट तर या यंत्राला दिसतच नाहीत.

म्हणून आकडे तीन खणांत टाकतात. प्लास्टिकमध्ये शिसे साधारण ७०० पीपीएमच्या खाली असलं तर पास, १३०० च्या वर तर नापास, मधलं लॅबला. यंत्राची चूक धरून या रेषा थोड्या आणखी सरकतात. कॅडमियमला ७० आणि १३०. ब्रोमीन ३००च्या वर दिसलं की पीबीबी-पीबीडीईची लॅब चाचणी. स्क्रूच्या हेक्स क्रोमसाठी उकळत्या पाण्यात थर उतरवून त्यात एक रसायन घालतात. जांभळी छटा आली की हेक्स क्रोम आहे. तो थर इतका पातळ की खरवडून त्याचं वजन करणं अवघड, म्हणून इथे पीपीएमऐवजी चौरस सेंटिमीटरमागे मायक्रोग्रॅम मोजतात: ०.१० च्या खाली नाही, ०.१३ च्या वर आहे.

## सोल्डर बदललं की काय काय बदलतं

६३/३७ कथिल-शिसे १८३ अंशांना वितळतं. त्याच्या जागी आलेलं सॅक ३०५, म्हणजे ९६.५ टक्के कथिल, ३ टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं, २१७ अंशांच्या आसपास. हे तीस-पस्तीस अंश सगळीकडे वसूल होतात. बोर्डावरचं सोल्डर वितळवणाऱ्या रिफ्लो भट्टीच्या तापमानाचा माथा २१५ च्या जागी २४० च्या पुढे जातो. साध्या सोल्डरिंग आयर्नची बिट, म्हणजे तापणारं टोक, लवकर खाल्ली जाते, म्हणून ऑपरेटर तापमान आणखी चढवतो आणि बिट आणखी लवकर जाते. तापमान ३५०-३८० लाच ठेवून जाड बिट वापरावी.

सांधा दिसतोही वेगळा. जुना चकचकीत, नवा किंचित मळकट, दाणेदार. पंधरा वर्षं चकाकी पाहून पास करणाऱ्या ताईंना तो ‘ड्राय सोल्डर’, म्हणजे नीट न धरलेला सांधा, वाटतो, त्या पुन्हा आयर्न लावतात, आणि तिसऱ्यांदा तापवल्यावर बोर्डावरचं तांब्याचं पॅड उचकटतं. माल बदलण्याआधी तपासणीच्या टेबलावरचे फोटो बदलले असते तर हे टळलं असतं.

डिप किंवा वेव्ह सोल्डरिंगची टाकी असेल तर हिशेब करून बघा. टाकीत २०० किलो बिनशिशाचं सोल्डर आहे. मर्यादा ०.१ टक्का, म्हणजे टाकीत एकूण २०० ग्रॅम शिसे मावतं. ६०/४० ची अर्ध्या किलोची एक कांडी चुकून पडली की तिच्यातच २०० ग्रॅम शिसे आहे. विकत आणलेल्या नव्या कांड्यांमध्ये अंशमात्र शिसे आधीचं असतंच, तेव्हा एका कांडीने अख्खी टाकी गेली. शिवाय कथिल जास्त असलेलं हे सोल्डर जुन्या टाकीचं स्टेनलेस हळूहळू खातं. टायटॅनियमची किंवा लेप दिलेली टाकी लागते.

म्हणून वेगळेपणा ठेवायचा तो पूर्ण. वेगळी रिळं, वेगळी आयर्न, वेगळे स्पंज, वेगळा भंगाराचा डबा, शक्य असेल तर वेगळी खोली. सगळ्यात धोक्याची जागा मुख्य लाइन नसते, रिपेअरचं टेबल असतं. तिथल्या खणात कोणाचं तरी जुनं, ‘मस्त वाहणारं’ ६०/४० चं रीळ हमखास सापडतं.

आणि पावसाळा. प्लास्टिकच्या आयसी हवेतली ओल शोषतात. भट्टीत ती वाफ होऊन आयसी आतून फुटते, लाहीसारखी, म्हणून या प्रकाराला ‘पॉपकॉर्न’ म्हणतात. बिनशिशाची भट्टी जास्त तापते, तेव्हा धोकाही जास्त. पाकिटावर ‘एमएसएल ३’ (एमएसएल म्हणजे भाग ओलीला किती नाजूक आहे त्याची पातळी) लिहिलेलं असेल तर पाकीट उघडल्यावर १६८ तासांत भाग बोर्डावर बसायला हवा. पण हे तास मोजलेत ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेला. जुलैत गोव्यात शेडची दारं उघडी असतील तर ६० टक्के ही आर्द्रता स्वप्नातलीच, आणि १६८ तासही तसेच. कोरड्या हवेचं कपाट, उरलेली पाकिटं पुन्हा सील करणं आणि आतलं ओल दाखवणारं कार्ड वाचणं, याला पर्याय नाही.

## ‘बिनशिशाचे सांधे टिकत नाहीत’

या तक्रारीत तथ्य आहे, पण अर्धंच. वस्तू पडली-आपटली तर सॅकचा सांधा जुन्यापेक्षा लवकर तडकू शकतो. शुद्ध कथिलाच्या प्लेटिंगवर केसासारखे बारीक तंतू वाढतात आणि शेजारच्या दोन पिना जोडतात, हेही खरं; बोर्डावर लाखेसारखा लेप दिला की धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. भारताच्या नियमांनी संरक्षणाच्या उपकरणांना या बंधनातून वगळलं आहे. पण घरातला कंट्रोलर किंवा ड्रायव्हर वर्षभरात बंद पडला आणि दोष ‘लेड-फ्री’वर ढकलला गेला, तर आधी भट्टीचा तापमान-आलेख मागावा. बहुतेक वेळा तो काढलेलाच नसतो.

## ‘आम्ही लहान, आम्हाला कशाला?’

२०२२ चे नियम सूक्ष्म उद्योगांना लागू नाहीत. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म म्हणजे यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल. गोव्यातली बरीच युनिटं यात बसतील. पण ही सवलत भारताच्या नियमापुरती. युरोपचा कायदा कारखान्याचा आकार विचारत नाही. आणि तुम्ही ज्याला माल देता तो मोठा असेल तर तो नियमाखाली आहेच. तो करारात हीच अट घालतो.

एवढ्याशा शिशाने काय होतं, हाही नेहमीचा प्रश्न. वापरणाऱ्याला सहसा काही होत नाही. बंद डब्यातलं सोल्डर कोणी चाटत नाही. होतं ते वस्तू भंगारात गेल्यावर. तांबं काढायला वायरी जाळतात, बोर्ड शेगडीवर तापवून चिप्स उपटतात, आणि शिशाचा धूर तिथेच बसलेल्या माणसाच्या, त्याच्या मुलांच्या फुप्फुसात जातो. लहान मुलांच्या मेंदूला शिसे बाधतं. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि वर्षानुवर्षं राहतं. कचरा जाळायचा कसा हे सांगत बसण्यापेक्षा वस्तूतच घालू नका, असं या कायद्याचं म्हणणं आहे.

## दुरुस्तीच्या दुकानाचं काय?

बंधन नवी वस्तू बाजारात आणणाऱ्यावर आहे. १ मे २०१४ पूर्वी बाजारात आलेल्या यंत्राचा सुटा भाग रोहसचा मिळतच नसेल तर जुन्या प्रकारचा वापरायला भारताच्या नियमांत सूट आहे. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा सांधा ६०/४० ने जोडला तर नियम मोडला असं होत नाही.

नव्या बोर्डाला मात्र ६०/४० लावू नये. दोन सोल्डरं अर्धवट मिसळली तर सांधा कमजोर होतो, आणि वॉरंटीतला नग परत कारखान्यात गेला की तो एक ठिपका तिथल्या तपासणीत सापडतो. बोर्डाच्या कडेला ‘पीबी’ या शिशाच्या चिन्हाच्या अक्षरांवर काट मारलेली बारीक खूण छापलेली असेल तर बिनशिशाचं रीळ घ्या. खूण नसेल आणि बोर्ड जुना असेल, तर जुनं सोल्डर शोषून पूर्ण काढा आणि मगच ठरवा कोणतं लावायचं.